फेब्रुवारीतले तीनशे

नाही, चोर म्हणाला असता तर परवडलं असतं हो! तोंडावर चोर म्हटलं की माणूस चिडतो, चार शब्द ऐकवतो, दोन ऐकून घेतो आणि चहा पिऊन मोकळा होतो. पण हा प्रशिक मला चोर म्हणालाच नाही. त्यानं हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि इतकंच विचारलं, "भाऊ, फेब्रुवारीतच काहून?"

तुम्हाला सांगतो, तो कागद म्हणजे पगाराची स्लिप. आणि ही स्लिप सुरू कोणी केली? मी! मागितली कोणी होती? कोणीच नाही! आमचा काटोल रोडला छोटा कारखाना आहे, संत्री भरायची पुठ्ठ्याची खोकी बनवतो, माणसं नऊ, मशिनी तीन. माझ्या रुपरावकाकांनी वीस वर्षं तो चालवला आणि मागच्या मार्चमध्ये गुडघे दुखतात म्हणून माझ्या गळ्यात घातला. काकांच्या काळात पगार कसा व्हायचा? काका सदऱ्याच्या खिशात हात घालायचे, नोटा काढायचे, थुंकी लावून मोजायचे, "घे बा, बरोबर हाय ना?" म्हणायचे, समोरचा मान हलवायचा, झाला पगार! आता मी एम.कॉम. झालेला माणूस, कामगार कायद्यांवर कॉलेजात तावातावानं भाषणं दिलेला, मला हे पटेल? मी पहिल्याच महिन्यात सरकारदरबारी नोंदणी केली, पगार बँकेत टाकायला लागलो, व्यवसाय कर कापून भरायला लागलो आणि प्रत्येकाच्या हातात स्लिप! पगार इतका, कपात इतकी, हातात इतके. सगळं काचेसारखं स्वच्छ! काका म्हणाले, "बाबू, काचेचं घर बांधून राहिला तू. एखादा पडदा तर लाव."

मी हसलो. हसू नये हो माणसानं, काका लोकांना कधी हसू नये.

कारण अकरा महिने ती स्लिप कोणी वाचलीच नाही! मनकर्णाताई आहेत आमच्याकडे, खोक्यांचे गठ्ठे बांधतात, त्या तर माझ्यासमोर स्लिपमध्ये ठेचा गुंडाळायच्या. मला वाईट वाटायचं. मी म्हणायचो, "ताई, हा तुमचा हक्क आहे, वाचा!" त्या म्हणायच्या, "हक्क हाय म्हणूनच तर फेकला नाई ना बाबू." आणि मग आली फेब्रुवारीची स्लिप, आणि ती प्रशिकनं वाचली. एकदाची वाचली! अन् तीही कशी? जानेवारीची शेजारी ठेवून! जानेवारीत व्यवसाय कर दोनशे. फेब्रुवारीत तीनशे.

"कायदा आहे," मी म्हटलं.

"कायदा हाय ते समजलं भाऊ. काहून हाय ते सांगा. जानेवारीचे दिवस एकतीस, तुम्ही कापले दोनशे. फेब्रुवारीचे अठ्ठावीस, तुम्ही कापले तीनशे. महिना लहान अन् कापणं मोठं? फेब्रुवारीतच काहून?"

मी खणातून सरकारचा कराचा तक्ता काढला, फेब्रुवारीच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट तिथंच राहिलं! अकरा महिने मी हा कर भरतोय, तक्त्यात लिहिलं होतं 'फेब्रुवारीत तीनशे', मी कापले तीनशे. का, हे मी विचारलंच नव्हतं! मी! जो कॉलेजात प्राध्यापकांना प्रश्न विचारून विचारून तास संपवायचा!

प्रशिक म्हणाला, "सोमवारपर्यंत सांगा भाऊ. हिंगण्याच्या एका कारखान्यातून मले बोलावून राहिले. तिथं स्लिप देत नाई, मग डोक्याले तापबी नाई." आणि गेला मशिनीवर.

आता हा प्रशिक कोण, ते ऐका. खोक्याला पिना मारायचं मशीन आमच्याकडे फक्त तोच चालवतो. त्याच्या हातचं खोकं वीस किलो संत्र्यांसकट ट्रकवरून खाली आपटा, संत्र्यांचा रस होईल, खोकं उभं राहील! मृग बहाराची संत्री निघायला लागलेली, काटोलच्या व्यापाऱ्याला पंधरा तारखेपर्यंत चार हजार खोकी द्यायची, आणि हा जाणार? शंभर रुपयांसाठी? अन् तुम्हाला सांगतो, खोक्यांचं मी काहीतरी केलं असतं. पण तो जाताना मनात काय घेऊन जाणार? की आयुषभाऊनं स्लिपा वाटल्या, भाषणं दिली, अन् गुपचूप शंभर खाल्ले! हे माझ्या जिवाला लागलं.

आणि दुसरं, खरं सांगू? मलाच चैन पडेना. फेब्रुवारीतच काहून? मी गणित करत बसलो. जानेवारीत दिवसाला पडतात सहा रुपये पंचेचाळीस पैसे, फेब्रुवारीत दहा रुपये एकाहत्तर पैसे. म्हणजे फेब्रुवारीत माणूस जास्त कमावतो का? लग्नसराई असते म्हणून? की सरकारला वाटतं, महिना लवकर संपतो, त्या आनंदात कळणार नाही? आणि लीप वर्षात काय, एकोणतिसावा दिवस फुकट?

गेलो दुर्गेशकडे. दुर्गेश माझा वर्गमित्र, महाल भागात दोन दुकानांच्या मधल्या जिन्यावर त्याचं ऑफिस, लोकांचे कर भरून देतो. मी विचारलं, फेब्रुवारीतच काहून? त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "सिस्टीम घेते न बे."

"अरे पण का घेते?"

"नाई घेतलं तर एरर येते."

"एरर का येते?"

आता त्यानं मान वर केली. "अबे, तू धंदा करून राहिला का पीएच.डी.? दहा वर्षांत एका माणसानं मले हे इचारलं नाई. तीनशे भर, पावती घे, घरी जा, झोप!"

मी झोपणारा माणूस आहे का? दुसऱ्या दिवशी गेलो सरकारी कार्यालयात, कोणत्या ते विचारू नका, मला तिथं परत जायचंय. खिडकीतल्या बाई फार सज्जन. म्हणाल्या, "भरायची अडचण आहे का?" मी म्हटलं, नाही, भरलेत. "दंड लागला का?" नाही. "मग तक्रार काय?" मी म्हटलं, तक्रार नाही हो, कुतूहल आहे! तुम्हाला सांगतो, सरकारी कार्यालयात लाच द्या, आवाज चढवा, एक वेळ चालेल, पण कुतूहल? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खिडकीतून आत साप सोडला! शेजारच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना. तिघं मिळून तक्ता बघतात, आणि मोठे साहेब म्हणतात, "हो, फेब्रुवारीत तीनशे आहेत." मी म्हटलं, साहेब, तेच तर मी घेऊन आलो होतो! साहेब खुर्चीत मागे रेलले, पंख्याकडे बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "खरंच... फेब्रुवारीतच काहून?" म्हणजे बघा, उत्तर आणायला गेलो आणि प्रश्न वाटून आलो!

काकांना सांगितलं. काका म्हणाले, "सोपं हाय. खिशातून शंभर काढ, त्याच्या हातात ठेव, म्हण चूक झाली."

"काका, पण चूक नाही झाली!"

"म्हणूनच तर शंभरात भागून राहिलं. चूक झाली असती तर जास्त लागले असते."

नाही दिले मी शंभर. तत्त्व म्हणजे तत्त्व. रविवारी सकाळी गेलो प्रशिकच्या घरी, इंदोरा वस्तीत. म्हटलं, आठ दिवस मुदत मागू. दारात खुर्ची टाकून त्याचे आजोबा बसलेले, दादाजी. पोस्टातून निवृत्त, वय सत्याहत्तर, दीक्षाभूमीवर छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं, आणि तिसऱ्या मिनिटाला विचारलं, "तो फेब्रुवारीवाला मालक तूच का गा?"

मी म्हटलं, "हो, दादाजी. मीच."

"बस. मलेबी कापत होते पोस्टात, वर्षानुवर्षं. मी कधी इचारलं नाई. साहेबानं कापले म्हणजे बरोबर असन, असं समजत होतो. या पोरानं इचारलं, तवापासून मले लाज वाटून राहिली." आणि आत आवाज दिला, "प्रशिक, पुस्तक आण."

पुस्तक कोणतं? भारताचं संविधान! मराठीतलं, बांधणी सुटलेलं, लाल दोऱ्यानं बांधलेलं, पानांना हळदीसारखा रंग चढलेला. दादाजी म्हणाले, "कर घ्यायचा हक्क सरकारले कोठून येते? इथूनच येते ना? मग इथं लिवलं असनच." तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला! मी एम.कॉम., दुर्गेश करवाला, तीन साहेब एकावर एक, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही ते या माणसाच्या डोक्यात सरळ आलं. बोट फिरत फिरत थांबलं. कलम दोनशे शहात्तर. दादाजींनी चष्मा सारखा केला आणि कोर्टात वाचावं तसं वाचलं. व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त किती घ्यायचा, तर... दोनशे पन्नास रुपये!

वर्षाला! अडीचशे! 

प्रशिकनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं. अकरा महिने दोनशे, वर तीनशे, म्हणजे अडीच हजार. दहापट! शंभराच्या चोरीचा संशय घेऊन घरात शिरलो होतो, आता सव्वादोन हजारांचा दरोडेखोर झालो! प्रशिकची आई चहा घेऊन येत होती, ती दारातच थबकली, कपबशीसकट.

"दादाजी," मी घाम पुसत म्हटलं, "पुस्तक कोणत्या सालचं?"

दादाजींनी पहिलं पान उघडलं. ते घेतलं होतं ऐंशी साली. मग त्यांनी सावकाश मान वळवली. "प्रशिक, तू मागल्या साली दीक्षाभूमीवरून नवीन आणलं होतं ना? कव्हर घातलं, फोटोजवळ ठेवलं, अन् आतापर्यंत उघडलं नाई. आण."

प्रशिक आता खाली बघत आला. नवीन पुस्तकात तेच कलम, तीच ओळ, आणि आकडा? दोन हजार पाचशे! मध्ये कधीतरी दुरुस्ती होऊन मर्यादा वाढली होती. आणि मग दादाजींनी स्लिपच्या मागे पेन्सिलनं लिहिलं, तुम्हीपण लिहून बघा. अडीच हजाराला बाराने भागा, जमत नाही, दोनशे आठ रुपये आणि वर पैशांचं शेपूट. मग सोपं काय? अकरा महिने दोनशे, झाले बावीसशे. उरले तीनशे. आणि या कराचं वर्ष मार्चमध्ये सुरू होऊन संपतं कधी? फेब्रुवारीत! उरलेलं सगळं शेवटच्या महिन्यात!

"म्हणून फेब्रुवारीतच!" मी इतका जोरात ओरडलो की शेजारचे बाहेर आले. इतका आनंद मला निकाल लागला तेव्हा झाला नव्हता. प्रशिकही हसला. पण म्हणाला काय? "कराचं समजलं भाऊ. तुमचं सोमवारी पाहू. तुमालेबी माईत नसताना तुम्ही कापून राहिले होते, ते मले खटकते."

बरोबर होतं हो त्याचं! म्हणून मी काय केलं, सोमवारी सकाळी सरकारचा पूर्ण तक्ता मोठ्या अक्षरांत छापून आणला, पिनांच्या मशिनीच्या वर भिंतीवर चिकटवला, नऊच्या नऊ माणसांना उभं केलं आणि अर्धा तास बोललो. संविधान, कलम, मर्यादा, मार्च, फेब्रुवारी! शेवटी म्हटलं, "यापुढे एकही ओळ न वाचता पैसा कापला जाणार नाही. वाचा! एकेक शब्द वाचा!"

आणि मनकर्णाताईंनी वाचला.

"बाबू," त्या तक्त्याला नाक लावून म्हणाल्या, "हे खाली लिवलं हाय, महिला, पंचवीस हजार पगारापर्यंत, कर शून्य. हे कोण्या महिला?"

ताईंचा पगार तेरा हजार. अशा आमच्याकडे तिघी. आणि मी मागच्या मार्चपासून तिघींचेही दोनशे-दोनशे कापून, फेब्रुवारीत तीनशे कापून, इमानदारीत सरकारला भरत होतो.

"ताई," मी म्हटलं, "माझा... म्हणजे... स्त्री-पुरुष समानतेवर फार विश्वास आहे."

"विश्वास हाय तं ठेव ना बाबू. त्यासाठी आमचे पैसे कायले लागते?"

तिघींचे अडीच-अडीच हजार, साडेसात हजार, त्याच दुपारी माझ्या खिशातून दिले. सरकारकडून परत यायचे तेव्हा येतील. मी खुर्चीत बसलो होतो, डोकं धरून, आणि म्हटलं, आता प्रशिक जाणार, जायलाच पाहिजे, मी असतो तर मीही गेलो असतो. तर मशिनीचा आवाज सुरू! खट, खट, खट! मी धावत बाहेर. "प्रशिक, तू गेला नाहीस?"

तो पिना मारता मारता म्हणाला, "आता कसा जाऊ भाऊ? काल रातभर मनात हेच होतं, का तुम्ही चोर तर नाई. आज नक्की झालं, नाई. चोराले एवढं तर माईत राहते, का कोणाचे कापायचे." आणि मागून मनकर्णाताई गठ्ठा बांधत म्हणतात, "राह्य गा त्याच्याजवळ, प्रशिक. एकटा सोडला तर डुबन पोरगं."

तेव्हापासून माझ्या सगळ्या स्लिपा आधी प्रशिक तपासतो, मग मी सही करतो. खोकी पंधरा तारखेच्या आत गेली. पण तुम्हाला सांगतो, माझ्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवून तो थांबला, असं मी घरी सांगितलंय... खरं म्हणजे तो माझ्या अडाणीपणावर विश्वास ठेवून थांबलाय.