रामलिंग कासाराचा अंगठा

मंडळी, सरकून बसा! खांबाला टेकलेल्यांनो, तुम्हीही पुढं या. खांब काही पळून जात नाही!

एक सोपा प्रश्न विचारतो. घरात चोर शिरला. राखणदार बोंबलला. तुमची झोप मोडली. आता काठी कुणाच्या पाठीत घालाल?

चोराच्या! वा! काय एका सुरात बोललात! आमच्या पेटीवाल्यांचासुद्धा असा सूर लागत नाही! रागावू नका हो पेटीवाले. पण मंडळी, खोटं बोलताय! देवाच्या दारात बसून खोटं! आपण सगळे झोडपतो ते राखणदारालाच. पटत नाही? मग ऐका.

माळेवाडीत एक रामलिंग कासार होता. बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. बाईचा हात हातात घेतला, अंगठ्यानं हाड असं हलकं दाबलं, की हाताचं लोणी! दोन-सहाच्या मापाच्या हातात दोन-चारची बांगडी गेली, तरी बाई तिकडं तोंड करून गप्पाच मारतेय! आणि त्याला मोठा अभिमान, "माझ्या हातून उभ्या जन्मात एकही बांगडी वाढली नाही."

वाढली म्हणजे? फुटली हो! पण कासाराच्या घरात तो शब्द चालत नाही. बांगडी फुटत नाही, ती वाढते. त्यात लग्नघर असेल, तर तो शब्द म्हणजे महापाप!

तर या रामलिंगाच्या एकुलत्या एका लेकीचं, कमळजेचं, लग्न ठरलं. बाप म्हणाला, "चुडा मी भरणार. दुसऱ्या कासाराला वेशीच्या आत घेणार नाही." झालं! मांडवात बायका जमल्या, हिरवा चुडा निघाला, बाप लेकीचा हात घेऊन बसला. एकेक बांगडी सळसळत चालली. शेवटची उरली. आणि बापाचे डोळे भरून आले हो! लेकीचा हात धुरकट दिसायला लागला... आणि — कट्!

फुटली! नवरीच्या हातात! कासाराच्या हातून! बापाच्या हातून!

रामलिंगाच्या काळजाचं पाणी झालं. पण गडी कसबी. काच मुठीत दडपली, दुसरी बांगडी अशी सरकवली की जादूगारानं तोंडात बोट घालावं! रीतीप्रमाणे लेक कासाराच्या पाया पडली. बापानं डोक्यावर हात ठेवला — डावा! कारण उजव्या अंगठ्यात काचेचा कण रुतून बसला होता. कुणाला कळलं? कुणालाच नाही. रामलिंगाला असं वाटलं!

चला आता जरा अंगठ्याच्या आत जाऊ. चपला काढायची गरज नाही.

काच आत गेली, ती एकटी नाही गेली. तिच्या पाठीवर बसून जंतू गेले. बिनबोलावलेले पाहुणे! आले, बसले, पंगत मांडली, आणि पोरंबाळं किती वाढवली विचारू नका! पण कातडीखाली देवानं राखणदार बसवलेत, मंडळी. जन्मापासून. त्यांना शाळा नाही, शिकवणी नाही. आपला कोण आणि परका कोण, एवढंच ओळखतात. परका दिसला की गिळतात! आणि गिळता गिळता बोंब ठोकतात — "धावा! धावा!"

बोंब ऐकून रक्ताच्या वाटा रुंदावल्या. म्हणून अंगठा लाल! ऊन ऊन रक्त आलं. म्हणून गरम! वाटांच्या भिंतींना फटी पडल्या, पाणी झिरपलं, आणि पांढरे शिपाई अंग चोरून त्या फटींतून बाहेर आले. म्हणून सूज! आणि दुखतं कशाला, म्हणाल? अहो, दुखलं नाही, तर हा शहाणा त्याच अंगठ्यानं आणखी दहाजणींना बांगड्या भरेल! दुखणं ही दवंडी आहे.

पण रामलिंगाला काय दिसलं? काच दिसली नाही. जंतू दिसले नाहीत. दिसली ती सूज! अंगठा झाला वांग्याएवढा. मागच्या दारी जाऊन हा अंगठ्याला दम देतोय, "मेल्या, कार्याच्या घरात माझी अब्रू घालवतोस? गप्प बस!"

बायकोनं, द्वारकाबाईनं विचारलं, "अहो, हे काय झालं?"

"गांधीलमाशी चावली."

बोलून बसला! आणि लग्नघर म्हणजे काय, प्रत्येक पाहुणा वैद्य. एकानं चुना फासला. एकानं किल्ली घासली. मावसभावानं तर दात घासायची पेस्ट लावली! एक म्हातारा म्हणतो, "रामलिंगा, माशी होती का म्हैस?" सगळे हसले. रामलिंगही हसला, दात ओठ खात हसला. सगळे माशीवर उपाय करतायत, आणि आत काच बसलीय ऐटीत!

शेवटी यानं काय केलं? सूज वर चढू नये म्हणून अंगठ्याच्या मुळाशी दोरा बांधला. करकचून! अरे बाबा, शिपायांची कुमक यायची त्याच वाटेनं, आणि तू वाटच आवळलीस? चोराला घरात कोंडलंस आणि गावाला बाहेर अडवलंस!

हळदीचा दिवस उजाडला. रामलिंगाच्या अंगात ताप फणफणतोय. मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढलेली. आता मात्र तो भ्याला, मंडळी. फार भ्याला. हा अंगठा गेला, तर हात गेला. हात गेला, तर कासारकी गेली. पण मनात म्हणतो, "जाऊ दे अंगठा. बांगडीचं कळलं, तर पोरीच्या मनात जन्मभर पाल चुकचुकेल." वेडा म्हणा, हट्टी म्हणा, पण बाप होता हो!

लेकीला हळद लावायला हा उजवा हात उचलू गेला. उचलेना. घामानं डबडबला, पाटाशीच मटकन बसला.

आणि कमळजा ताडकन उभी राहिली. हळदीनं माखलेली, डोळ्यांत पाणी.

"आबा, बांगडी फुटली होती!"

मांडव गार! वाजंत्र्यांच्या सनईचा सूर तोंडातच अडकला! आत्या धावली, "अगं, वाढली म्हण! वाढली म्हण!"

"फुटली! फुटली! फुटली! माझ्या हातात फुटली, मी कट् ऐकलं. आबांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. ते माझ्यासाठी गप्प, मी त्यांच्यासाठी गप्प. आता आबांना काही व्हायच्या आत कुणीतरी टेम्पो काढा!"

निघाला टेम्पो! बापाबरोबर नवरी, नवरीबरोबर आई, आईबरोबर सगळ्या करवल्या, नखशिखांत पिवळ्या! तालुक्याच्या डॉक्टरीण नदाफबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "यात पेशंट कोण? कावीळ तर सगळ्यांनाच दिसतेय!"

मग अंगठा पाहिला, आणि त्यांचं हसू मावळलं. आधी दोरा कापला. सुई टोचली, चीर दिली. भळाभळा पू आला, आणि त्यात चमकला हिरवा कण.

द्वारकाबाईनं नाक मुरडलं, "शी! काय घाण!"

"घाण नाही, काकू," डॉक्टरीण म्हणाल्या. "यांच्यासाठी लढून मेलेले शिपाई आहेत हे. बिचारे काचेला बाहेर ढकलत होते, आणि काका त्यांचाच रस्ता आवळून बसले. हा दोरा उद्यापर्यंत राहिला असता, तर अंगठा माझ्या हातात आला असता."

रामलिंग रडला, मंडळी. दुखलं म्हणून नाही. ज्यांना मागच्या दारी शिव्या घातल्या, ते याच्यासाठीच मरत होते म्हणून रडला. लेकीनं त्याचे डोळे आपल्या पदरानं पुसले. तोंडालाही हळद लागली!

"सूज आता उतरेल ना?" त्यानं विचारलं.

"उतरू द्या. काम झालं की शिपायांनी घरी जायचं असतं. काहींच्या अंगात चोर पळून गेला तरी शिपाई काठ्या आपटत राहतात, तो मग वेगळा आजार. गोळ्या घ्या, आणि हात वर धरून ठेवा."

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. बाप हात वर धरून उभा, पांढऱ्या पट्टीतला अंगठा आभाळाकडं! फोटोग्राफर ओरडतोय, "तात्या, हात खाली!" रामलिंग म्हणतो, "डॉक्टरांना विचार!"

हसलात? हसा. आता माझी पाळी.

घरात सून तापते. लेक लाल होऊन भांडते. बायको चार माणसांत आवाज चढवते. आणि आपण काय आणतो? दोरा! "गप्प बस. शोभतं का?" करकचून बांधतो! अरे, ती घराची वैरीण नाही. घरात काहीतरी रुतलंय, आणि ते तिला सगळ्यांच्या आधी टोचतंय. तिला आवळू नका. काय टोचतंय ते विचारा, आणि ती सांगेल तेव्हा माशीवर ढकलू नका!

घरी गेल्यावर विचारू, म्हणताय? कशाला? बायकांच्या बाजूलाच बसलीय ती. वळवा मान! उठा, जा, विचारून या. आरती थांबेल. निरांजनात तूप भरपूर आहे.