अर्ज फेटाळला जाऊ दे, आई

हात जोडलेत ना सगळ्यांनी? राहू द्या तसेच. कारण आज मला या जोडलेल्या हातांबद्दलच विचारायचंय.

मंडळी, देवापुढं उभं राहून आपण ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतो. शेजारच्याला ऐकू जात नाही, देवाला जातं. आता सांगा — भेदरलेल्या माणसानं देवाकडं भलतंच मागणं मागितलं, तर देवानं काय करावं? द्यावं? की तोंड फिरवावं?

करा विचार. तोवर आपण बोरवंडीला जाऊन येऊ.

बोरवंडी तालुक्याचं गाव. टेकाडावर यमाईचं देऊळ, खाली बाजारपेठ आणि पेठेत मालिनीबाई खटावकरांचा शिवणक्लास. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पण गावातल्या निम्म्या बायका त्यांच्याकडंच मशीन चालवायला शिकल्या. बाईंचा शब्द म्हणजे शब्द! ब्लाउज मंगळवारी म्हणाल्या की मंगळवारी. हसताय काय? असा शिंपी तुमच्या गावात असेल तर मला पत्ता द्या.

अशा गावात 'सुवर्णलता' नावाची ठेव योजना आली. ठेवा आणि दुप्पट घ्या! — बघा, ते खांबाला टेकलेले आबा इतका वेळ पेंगत होते, दुप्पट म्हटल्याबरोबर जागे झाले!

योजनेचा मालक विलासशेठ. जिल्ह्याच्या गावी मोठा बंगला. त्यानं मालिनीबाईंना बोलावून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, गावात तुमच्या शब्दाला मान आहे, बायकांच्या ठेवी तुम्ही गोळा करा, तुम्हाला कमिशन मिळेल. बाईंना ते खरं वाटलं. लबाडी नव्हती हो त्यांच्या मनात, स्वतःची पुंजीसुद्धा त्यांनी त्यातच घातली. मग रुक्साना आतारनं लेकीच्या नर्सिंगसाठी बाजूला ठेवलेले पैसे दिले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या वेणूआक्कानं म्हातारपणासाठी जमवलेले दिले. बाई एसटीनं जायच्या, बंगल्यावर शेठच्या हातात रक्कम द्यायच्या. कमिशनचं तेवढं कुणाला बोलल्या नाहीत. त्यात काय सांगायचं, असं त्यांना वाटायचं. असंच वाटतं सुरुवातीला.

आणि एक दिवस सुवर्णलताच्या कचेरीला कुलूप लागलं. शेठचा फोन बंद. गावात रडारड झाली.

बायका मालिनीबाईंच्या दारात आल्या. बाईंना वाटलं, आता आपली धडगत नाही. पण रुक्सानानं त्यांचा हात हातात घेतला. म्हणाली, तुमचेही बुडाले, आमचेही बुडाले. आपण सगळ्या मिळून सरकारकडं दाद मागू. तिच्या दिरानं चौकशी केली होती. अशा माणसाची मालमत्ता सरकार जप्त करतं, विकतं आणि ठेवीदारांना परत देतं. कलेक्टर कचेरीत लोकशाही दिन असतो, तिथं अर्ज द्यायचा. आणि पुढं बाईंनी राहायचं, कारण त्यांना चार शब्द नीट बोलता येतात.

बाई हो म्हणाल्या. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

दुसऱ्याच दिवशी दुपारी शेठचा माणूस क्लासमध्ये आला. मुली जेवायला गेल्या होत्या. त्यानं खुर्ची ओढली, अगदी नम्रपणे बसला. म्हणाला, शर्टाचं बटण सैल झालंय, जरा टाका घालून द्या. शर्ट काही काढला नाही. बाई सुईदोरा घेऊन वाकल्या, टाका घालायला लागल्या. त्याच्या छातीपाशी त्यांची सुई चाललीय आणि तो वरून हळू आवाजात बोलतोय.

"अर्ज देताय म्हणे. द्या की. पण चौकशी झाली की पहिली अटक एजंटला होते, बाई. शेठ तर म्हणणार, या बायकांना मी ओळखतच नाही. गोळा कुणी केले? कमिशन कुणी खाल्लं? हे तुमच्या बायकांना ठाऊक आहे का?"

सुई बाईंच्याच बोटात गेली. त्यानं खिशातला रुमाल काढून दिला, रक्त पुसा म्हणाला आणि निघून गेला.

मंडळी, त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली. पेठेतून जीप गेली की त्या दाराला कडी घालायच्या. दोन बायका कोपऱ्यात बोलताना दिसल्या की वाटायचं, आपलंच चाललंय. अर्जावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, निघायची सकाळ उजाडली. बाई एकट्याच टेकडी चढून यमाईपुढं उभ्या राहिल्या. आणि काय मागितलं? ऐका नीट.

आई, आमचा अर्ज फेटाळला जाऊ दे!

रुक्सानाच्या लेकीचं शिक्षण बुडू दे, वेणूआक्काचं म्हातारपण उघड्यावर पडू दे — असं म्हणाल्या का त्या? नाही. पण मागणं तेच होतं ना?

कचेरीत गर्दी होती. नंबर आला. उपजिल्हाधिकारी मॅडमनी अर्ज शांतपणे वाचला. त्या म्हणाल्या, सरकार आपल्या तिजोरीतून भरपाई देत नाही. शेठची मालमत्ता जप्त करता येईल, पण पैसे त्यानं घेतले हे दिसायला हवं. त्यानं वकिलाकरवी आधीच खुलासा पाठवलाय, मी कुणाकडूनही काही घेतलं नाही. पावत्यांवर त्याची सही नाही. त्याच्या हातात पैसे पडताना कुणी पाहिलंय का? तुमच्याकडून ते गोळा कोण करत होतं?

मालिनीबाईंनी हळूच बायकांकडं पाहिलं. रुक्साना जमिनीकडं बघत होती. वेणूआक्का पुढं सरकली.

"पैसे आम्ही आमच्या मर्जीनं दिले, मॅडम. मधलं कुणाचं नाव इचारू नका. त्या माणसाचं वाईट नको व्हायला."

आता उजेड पडला का, मंडळी? बायकांना ठाऊक होतं! कमिशनसुद्धा ठाऊक होतं! गावात काय झाकून राहतं? येताना टेम्पोत बाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या आणि मागं बायकांनी आपसात ठरवलं होतं — पैसे गेले तर गेले, बाईंना तुरुंगात घालायचं नाही.

मॅडमनी निःश्वास सोडला. मग पुरावा नाही असा शेरा मारावा लागेल, म्हणाल्या आणि पेन उचललं.

पावली! यमाई पावली! मागितलं ते पदरात पडत होतं. आता बाईंनी काय करायचं? गप्प राहायचं, बस. एवढंच. गप्प राहायला का कष्ट पडतात?

मालिनीबाई उठल्या. ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलल्या. मॅडम म्हणाल्या, ऐकू आलं नाही, मोठ्यानं सांगा. पहिल्यांदा माणूस भरात बोलून जातो हो, दुसऱ्यांदा बोलायला छाती लागते.

"मी नेऊन दिलेत," बाई म्हणाल्या. "शेठच्या हातात, त्याच्या बंगल्यावर. कमिशन पण मीच घेतलं. लिहून घ्या."

वेणूआक्का मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

पुढं काय झालं? फुलं पडली का आभाळातून? नाही. बाईंचं नाव आरोपींत आलं. पोलिसांनी दिवस दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. नातेवाइकांनी बोलणं सोडलं. क्लासच्या निम्म्या मुली त्यांच्या आयांनी काढून घेतल्या. भीती काही गेली नाही, फक्त आता ती भोगायला बाई एकट्या नव्हत्या. ठाण्याच्या पायरीवर रुक्साना डबा घेऊन बसलेली असायची. पुढं बाईंच्या जबानीवर शेठच्या बंगल्याला सील लागलं, जमिनी लिलावात गेल्या. बाईंना माफीचा साक्षीदार केलं गेलं. सगळे पैसे आले नाहीत, पण बरेच आले. रुक्सानाची लेक उशिरानं का होईना, नर्सिंगला गेली. बाईंनी कमिशनची रक्कम सगळ्यांत वाटून टाकली आणि आपला वाटा सर्वांत शेवटी घेतला.

यमाईनं प्रार्थना ऐकली की नाही, तुम्हीच ठरवा. मला वाटतं, पुरती ऐकली. मागणं बाईंच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि म्हणाली — हे बघ, हे तू मागितलंस. घेतेस?

आता माझ्याकडं नका बघू. तुमचे हात अजून जोडलेलेच आहेत. भीती वाटणं पाप नाही. देवाला ती कळते. पण आपली भीती दुसऱ्याच्या ताटातला घास मागतेय का, हे आपल्याला कळायला नको? उद्या सकाळी देवळात जाल, तेव्हा एकच करा. जे मागायचं ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल, अशा आवाजात मागा.

जमेल?

बघा, बरेच हात खाली आले.