फक्त मॅडमना सांगितलं होतं

नाही गं, घरचं काही सांगू नकोस त्यांना — नाव, गाव, शिक्षण, कॉम्प्युटरवर काय काय येतं, एवढं पुरे. ‘जेवून ये आणि निवांत बस माझ्याजवळ, तुझ्याबद्दल सगळं सांग’ — असंच म्हणाल्या ना सरोजिनी मॅडम? मलाही असंच म्हणाल्या होत्या, पहिल्याच दिवशी. तू हो म्हणालीस? म्हणणारच. इतकं गोड बोलतात की माणसाला वाटतं, हिला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं. चहा घे, निवतोय. नाव काय म्हणालीस — ज्ञानेश्वरी. जासईहून येतेस? लांब पडत असेल. मी दिघ्याहून. राजेश्वरीताई म्हण, मॅडम नको.

काम समजायला सोपं आहे आपलं. संस्थेला देणगी कोण देऊ शकेल ते शोधायचं — कुणाचा धंदा काय, कुणी आधी कुठल्या शाळेला मदत केलीय, कुणाला कशाची आस्था — सगळं उघड्यावर असतं, पेपरात, वेबसाइटवर, ते जुळवून पानभर टिपण करायचं, मग वरचे लोक जाऊन भेटतात. मी आले तेव्हा या ऑफिसात सगळे एकाच वळणाचे. शोधायचं कुणाला? यांच्या ओळखीतल्यांना, यांच्या आडनावांच्या लोकांना. मी एकदा धीर करून म्हटलं, मार्केटातले व्यापारी आहेत, तुमच्या उरणकडचे कंटेनर यार्डवाले आहेत, ते गावाकडे शाळेला वर्ग बांधून देतात — त्यांना आपण कधी विचारलंय? मॅडम एकट्या म्हणाल्या, ‘राजेश्वरीला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तर या कामात वेगवेगळ्या घरांतली माणसं हवीत.’ सगळ्यांसमोर! तोवर कुणी ‘कुठे राहतेस’ विचारलं की मी ऐरोली सांगायचे; दिघा म्हटलं की लोकांना झोपडपट्टीच दिसते. त्या दिवसापासून दिघा म्हणायला लागले. हे त्यांनीच दिलं मला, खोटं कशाला बोलू?

आणि शिकवलं त्यांनीच. म्हणायच्या, ज्याच्याबद्दल लिहितोय त्यानं हे उद्या वाचलं तर त्याला मान खाली घालावी लागेल का? लागणार असेल तर खोडायचं. आमच्या निशांतनं एकदा एका कारखानदाराच्या मुलाच्या दारूबद्दल लिहिलं, कुठूनतरी ऐकून — मॅडमनी तिथल्या तिथे खोडलं. ‘हे त्याचं घर आहे, आपण पायरीपर्यंतच जायचं.’ आता सांग, अशा बाईला माणूस का नाही सांगणार?

एकदा डबा खात होतो, मी आणि मॅडम. माझ्या डब्यात कोबी होता. मॅडम म्हणाल्या, बाजूला का सारतेस? आणि मी सांगून बसले. आप्पा, माझे वडील, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी — साताऱ्याहून आलेले. पोती वाहून पाठ गेली, काम सुटलं. तेव्हा आई मार्केट उठल्यावर टेम्पोखाली पडलेली कोबीची पानं, दबलेली वांगी वेचून आणायची आणि घरी म्हणायची, ‘आज सस्तात गावली.’ तेव्हा मार्केटाजवळच राहायचो; शाळेतून येताना मी एकदा बघितलं तिला. वाकलेली. मी टेम्पोआड झाले. घरी येऊन जेवले, अजून वाढ म्हणाले, पुढेही रोज म्हणायचे. तिला कधी कळू दिलं नाही की मी बघितलंय. भावालाही नाही. कुणालाच नाही. फक्त मॅडमना.

मग गेल्या डिसेंबरात वाशीच्या हॉटेलात तो मोठा कार्यक्रम — आपल्या क्षेत्रात सगळ्या थरांतल्या मुली याव्यात म्हणून शिष्यवृत्ती काढायची — तू जिच्यातून इथे आलीस ना, तीच ती. मॅडम म्हणाल्या, आईला घेऊन ये. आई — शकुबाई नाव तिचं — भावाच्या लग्नातली इरकल नेसली. पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटलं, फूलबिल देतील. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि सुरुवातच — ‘एक आई, भाजी मार्केट उठल्यावर...’ सगळं. पानं, वांगी, टेम्पोआड उभी मुलगी. मी आईकडे बघितलंच नाही. बघवेना. आणि शेवटी — ‘ती आई आज इथं आहे!’ उभं केलं तिला. टाळ्या. बायका डोळे पुसतायत. आई आपली हात जोडून उभी, इकडे वळून नमस्कार, तिकडे वळून नमस्कार, डोक्यावरचा पदर पडला तरी तिला भान नाही.

दुसऱ्या दिवशी गेले केबिनमध्ये. म्हटलं, मॅडम, ते मी तुम्हाला सांगितलं होतं, हॉलला नाही. त्यांना कळेचना! खरंच कळेना, नाटक नव्हतं. ‘अगं, किती मुलींना संधी मिळेल यातून. तुला आईची लाज वाटते का?’ लाज! म्हटलं, कारखानदाराच्या पायरीशी थांबलात, माझ्या घरात मात्र चपला घालून शिरलात. — हो, बोलले. मग काय, टीमची प्रमुख मी होणार होते, झाला टीममधला अभिराम. मॅडम कुणाकुणाला सांगतात, ‘राजेश्वरी गुणी आहे गं, पण फार मनाला लावून घेते.’ लिफ्टसमोर माझा फोटो अजून आहे, बघितलास ना? खाली ओळ — ‘इथे प्रत्येकाला जागा आहे.’

पण त्याचं टेन्शन नाही मला. खारघरला एका संस्थेत बोलणं चाललंय — हे वर बोलू नकोस हां. बघ, तुलाही सांगितलं! तोंडाला कुलूपच नाही माझ्या.

लागलंय ते वेगळंच. कार्यक्रमाहून परतताना रिक्षात मीच आपली काहीबाही — हॉल केवढा, जेवण कसं. रबाळ्याच्या पुढं आई म्हणाली, ‘तुला ठाव व्हतं?’ मी हो म्हटलं. मग म्हणाली, ‘मंग आजून वाढ म्हनायचीस ते... माज्यासाठी व्हय?’ मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगायला लागले. तेव्हापासून ती माझ्याबरोबर पानावर बसत नाही. भांडत नाही, रडत नाही — ‘तू घे, मी मागनं जेवते.’ रोज. मी आग्रह केला तर नुसती बघते, मी खरंच म्हणतेय की तिच्यासाठी म्हणतेय, ते बघते. आता मी तिला भाजी चांगली झालीय म्हटलं, तरी तिला ते खरं —

ऊठ. झाला ना चहा? मॅडम वाट बघत असतील. जा गं, बघत काय बसलीस — जा म्हटलं ना.