बाबालालचा हरकतीचा अर्ज

तुम्ही मघापासून त्या ओव्हरसियरला शिव्या घालताय, म्हणून सांगतो. त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याला येतात.

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात नवी पेठ वसत होती. मी कचेरीत कारकून, आणि रस्त्यांची आखणी आमच्या ओव्हरसियरकडे. चुन्याची रेघ सरळ आली, एका रिकाम्या प्लॉटला वळसा घालून गेली आणि कापूस पिंजणाऱ्या बाबालालच्या घरावर चढली. तो प्लॉट ओव्हरसियरच्या मेव्हण्याचा होता.

बाबालाल माझ्याकडे आला. "रावसाब, हरकतीचा अर्ज लिवून द्या की. घर जातंय माझं."

"रेघ का वळली, ठाऊक आहे का तुला?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुमास्नी ठावं असंल."

मला ठाऊक होतं. पण प्लॉटसाठी केलेला माझाही अर्ज त्याच ओव्हरसियरच्या टेबलावर होता. मी बाबालालला दोन पानं लिहून दिली. घर किती जुनं, खाणारी तोंडं किती, सगळं लिहिलं. मेव्हण्याचं नाव तेवढं लिहिलं नाही.

त्याचा अर्ज फेटाळला गेला. महिन्याभराने माझा प्लॉट मंजूर झाला. पाया खणायच्या दिवशी बाबालाल आपण होऊन आला आणि माझ्या हातातली कुदळ घेत म्हणाला, "अर्ज झ्याक लिवलासा हो तुमी. वाचून दावला तवा बायकू रडली माझी. आमचं नशीबच खोटं, त्याला तुमी काय करणार?"