पाहुण्यांसाठी प्रार्थना

देवाची हाक कुणाला कुठून येईल काही सांगता येत नाही बघा. आमच्या कॅसलरॉकच्या चर्चमध्ये एकदा बेळगावकडचे एक पाळक आले, बायको आणि दोन मुलींना घेऊन. त्यांना थेट युरोपातून हाक आली होती. तिकडे सेवेला जाण्याआधी गावोगावच्या चर्चमधून पाठिंबा गोळा करत फिरत होते. आम्हाला काय, कुणीही आलं तरी कोंबडं कापतो. कारण आम्हाला पाळकच नाही. येतो तो पहिला पावसाळा बघून पळतो.

संध्याकाळच्या उपासनेत साहेबांनी लॅपटॉपवर बर्फातली चर्चं दाखवली. म्हणाले, "तिथे फार अंधार आहे हो!"

तेवढ्यात आमची लाइट गेली. साहेब काही थांबले नाहीत. "एवढी मोठी चर्चं, पण आत माणसं नाहीत. आमच्यासाठी प्रार्थना करा."

आमच्याकडे शेवटची प्रार्थना मंडळीतली सगळ्यात थोरली बाई करते, आणि प्रार्थनेत मध्येच कुणी तोंड उघडत नाही. मार्थाक्का उठली. सगळ्यांनी डोळे मिटले.

"देवा, तिकडं चर्च हाय, मान्सं न्हाईत. हितं मान्सं हायत, पाळक न्हाई. तुला दिसतंय न्हवं? मग ह्यांचा व्हिसा तेवढा अडीव, आनि ह्यांस्नी हितंच ठेव. पोरींस्नी शाळंला मी सोडीन."

अख्खं चर्च "आमेन" म्हणालं. सगळ्यात मोठ्यानं कोण? पाळकसाहेब! सवय हो, दुसरं काय.

पाळकीणबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं, की त्या अंधारातही आम्हाला लख्ख दिसलं.