योहेईच्या पोटातला आवाज

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आज एकच विचारायचंय. माणूस खोटं बोलला. लोकांनी मानलं. त्यावर दोन पावसाळे गेले. मग ते खोटं जातं कुठं? विरून जातं? घाई नको उत्तराची — आधी ऐका!

आज तुम्हाला पार जपान देशात नेतो. हसू नका हो! तिथंही समुद्र आहे, होड्या आहेत, आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास तुमच्या बंदरासारखाच येतो! तिथले जुने लोक म्हणायचे, माणसाच्या पोटात नाना जातीचे किडे असतात. कुणी ताप आणतो, कुणी राग आणतो. आणि एक तर भलताच — तो बोलतो! तुम्ही तोंडानं जे म्हणाल, तेच तो पोटातून परत म्हणतो!

तिथल्या एका कोळीवाड्यात ओनामी नावाची बाई होती. नवरा साकिची मासेमारीला गेला, होडी बुडाली, तो परत आलाच नाही. होडी बांधली होती शेजारच्या योहेईनं. लोक किनाऱ्यावर जमले तेव्हा योहेई म्हणाला, "होडी पक्की होती." एवढंच! उरलेलं गावानं जोडलं — गाव ते गावच ना! होडी पक्की, म्हणजे साकिची पिऊन गेला असणार!

तो दारूला शिवत नव्हता हो! पण ओनामीचं ऐकतो कोण? ती विहिरीवर आली की बायका गप्प व्हायच्या. पोरं तिच्या लेकीला "बेवड्याची" म्हणून चिडवायची. नवरा गेल्याचं दुःख तिनं गिळलं, मंडळी. पण त्याचं नाव गेलं, ते काही केल्या घशाखाली उतरेना.

योहेई मात्र तिला जपायचा हं! छप्पर शाकारून दिलं, घरी मासळी पाठवली. "वहिनी, काही लागलं तर सांगा." ओनामीला वाटायचं, देवमाणूस आहे.

आणि दोन पावसाळ्यांनी हा देवमाणूस आजारी पडला! "पाणी द्या" म्हणाला — पोटातून आवाज, "पाणी द्या!" खायचा हा, गिळायचा तो! योहेई वाळून काटकी झाला. एकटा जीव, करणार कोण? ओनामी रोज पेज घेऊन यायची. वैद्य म्हणाला, "ही पेज किडाच खातोय. तो गप्प झाला नाही, तर हा वाचायचा नाही."

या किड्यावर तिथं एक रीत होती. रोग्यानं एकेका औषधाचं नाव घ्यायचं. किडा ते परत बोलणार. ज्या नावाला तो घाबरून गप्प बसेल, तेच औषध! वैद्यानं पेटारा उघडला.

"बोल — सुंठ."

"सुंठ." पोट म्हणालं, "सुंठ!"

"ज्येष्ठमध." तेही आलं परत! दालचिनी, हिरडा... पेटारा संपला, किडा काही थकेना. वैद्यानं कपाळाला हात लावला.

ओनामी पेजेचा वाडगा घेऊन पुढं सरकली. "योहेईदादा, धीर सोडू नका. तुम्ही आमच्यासाठी किती केलंत!"

योहेईनं तिच्याकडं पाहिलं. "वहिनी... होडी पक्की होती."

"होडी पक्की होती!" पोट असं ओरडलं, की दारातलं मांजर पळालं!

ओनामीचा हात थांबला. ती हळूच म्हणाली, "दादा, होडीचं इथं कुणी विचारलं होतं?"

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मग फुटला — "फळी चिरलेली होती, वहिनी! मला ठाऊक होतं. चीर राळेनं बुजवली आणि होडी दिली. साकिची शुद्धीत होता!"

आणि पोट?

गप्प! वैद्यानं कान लावला — चिडीचूप! "सापडलं!" वैद्य आनंदानं ओरडला. "सापडलं औषध!"

ओनामीला कसला आनंद? वाडगा हातात, पेज गरम. तिच्या मनात आलं, ओतावी याच्या तोंडावर! तुमच्या मनात नसतं आलं? माझ्या तर आलं असतं! पण ती खाली बसली. "खा," म्हणाली.

"वहिनी, मला क्षमा —"

"क्षमेचं नंतर बघू. आधी खा. किनाऱ्यापर्यंत चालण्याइतकी ताकद यायला हवी तुम्हाला. हेच तिथं बोलायचंय. माझ्या लेकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं!"

काही दिवसांनी तो गेला, तिच्याच खांद्याचा आधार घेऊन. जिथं खोटं बोलला होता, तिथंच उभा राहिला. सगळं बोलला. पोट गप्प, आणि गावही गप्प! ओनामीनं लेकीचा हात धरला आणि विहिरीवरच्या बायकांसमोरून मान वर करून घरी गेली. क्षमा केली का? मला नाही माहीत. ते तिचं तिला ठाऊक.

मंडळी, आपल्या पोटातले किडे बोलत नाहीत, म्हणून आपलं बरं चाललंय! आपणही छप्परं शाकारून देतो. देवळाला घंटा देतो, पंगती घालतो, नाम घेतो. पण आपल्या एका वाक्याखाली कुणाचं तरी नाव बुडालेलं आहे. ज्याचं त्याला ठाऊक आहे. आता का खाली बघताय?

आता भजन म्हणायचंय. पण ज्याचं नाव तुम्ही बुडवलंत, तो इथंच बसला असेल — दोन ओळी सोडून, त्या खांबापाशी. मृदंगवाले, हात थांबवा. आम्ही सगळे थांबतो.

जा. त्याच्याशी बोलून या.