सत्कार आवरता घ्यावा, ही विनंती

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती रंगनाथ गुरुजी, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी मंगलावहिनी, आणि सुरगाण्याहून जीपला लटकत नाशकात आलेल्या गुरुजींच्या विद्यार्थ्यांनो,

एकोणपन्नास साली डोंगरात शाळा काढायला गेलेला हा माणूस तीस वर्षांनी निवृत्त होऊन परत आला आहे. त्यांच्या गुणांविषयी मी बरंच ठरवून आलो होतो. ते राहू दे.

गुरुजींना मधुमेह आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. माझ्यादेखत पेढे खातात, हेही. हसा. पण त्यांची उजवी मांडी आठवडाभर ठणकते आहे, हे कुणाला ठाऊक होतं? हा समोरचा कोंडाजी, त्यांचा लाडका विद्यार्थी. त्यानं मायेनं तेल लावून चोळली. म्हणाला, "लचक हाय गुरुजी, घाटाची." त्याचा काय दोष? वरून कातडी अगदी साफ. मधुमेह्याच्या स्नायूत खोल जंतू शिरले, की असंच फसवतात. आज दुपारी मी सुई घातली, तर पू आला. ताप चढतो आहे. ती मांडी ताबडतोब उघडली नाही, तर विष रक्तात भिनेल आणि गुरुजी आपल्याला दिसायचे नाहीत.

टाळ्या कसल्या वाजवता? मी गंमत करत नाही हो!

चला दवाखान्यात म्हणून दुपारी मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो. तर म्हणाले, "डॉक्टर, पोरं घाट उतरून आलीत. सत्कार होऊ द्या, मग काय हवं ते कापा." वहिनी रडल्या, त्यांचंही ऐकलं नाही. कुणाचं पोर तापलं की पाठीवर घालून दवाखाना गाठणारा हा माणूस. त्याला मी काय समजावणार? मी डॉक्टर, आणि माझ्या हातात काय, तर हा माइक!

बघा, आत्ताही खुणावताहेत, बसा म्हणून. गुरुजी, तुमचा कोट घामानं भिजलेला मला इथून दिसतोय. उत्तराचं भाषण उभं राहून करणार म्हणता, आणि खुर्चीचे हात सुटत नाहीत तुमच्याकडून.

अध्यक्ष महोदय, अजून पाच-सहा वक्ते आहेत. मग पाया पडणाऱ्यांची रांग. मी हात जोडतो, इथंच थांबू या. पोरांनो, ते माझं ऐकत नाहीत. तुम्ही तरी हट्ट धरा.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. भरल्या मांडवात नको ते बोललो, ते पोटात घाला. जीप दाराशी लावली आहे. कोंडाजी, गुरुजींना खुर्चीसकट उचलायचंय. तू ये, आणखी तिघं... नको, चौघं नकोत. पाच जण या.